पडद्यापुढची जागा

६ जानेवारी

ही वही भाच्याने आणून दिली. "मामी, धंदा करायचा तर रोजची नोंद ठेवायची," म्हणाला. मी विचारलं, "धंदा कोण करतंय?" तर म्हणे, "तू."

झालं ते असं. हे ज्या फोटो स्टुडिओत उभा जन्म पडदे रंगवत होते, तो आता बंद होणार. म्हातारे मालक केव्हाच गेले. त्यांच्या मुलाला केस पिकले तरी सगळे अजून धाकटे मालकच म्हणतात. त्यांनी मला बोलावून घेतलं. माळ्यावरून अकरा पडदे खाली काढून ठेवले होते. म्हणाले, "काकू, हे काकांचे. आता फोटो लोकांच्या खिशात आला, पडद्यापुढे उभं राहायला कोण येतंय? मार्चअखेर जागा मोकळी करून द्यायचीय. तुम्ही नेलेत तर बरं, नाहीतर..." मनाने चांगले आहेत.

नेणार कुठे? पडदा नऊ फूट रुंद. दांडीला गुंडाळला तरी नऊ फुटांची वळकटी होते. आमच्या जिन्याच्या वळणावर कपाट आणताना त्याचे पाय कापावे लागले होते. दोन खोल्यांत अकरा पडदे म्हणजे आम्ही जिन्यात राहायचं.

भाचा म्हणतो, "मामी, हे आर्ट आहे. विकू."

यांना जाऊन चौदा महिने झाले. यांनी स्वतःच्या कामाला आर्ट म्हटलेलं मला आठवत नाही. "पडदा झाला," म्हणायचे आणि हात धुवायला जायचे.

९ जानेवारी

आज सगळे पडदे उलगडून पाहिले. बाग, जिना, तळं, विमान, चांदणं, पुस्तकांचं कपाट. स्टुडिओत त्यांना अशाच नावांनी हाक मारत. "विमान खाली सोडा," असं म्हातारे मालक ओरडले की नवीन गिऱ्हाईक वर बघायचं.

कॅनव्हास तीन फूट रुंदीचा येतो. तीन पट्टे जोडले की एक पडदा. ते जोडण्यासाठी म्हाताऱ्या मालकांनी मला कामाला ठेवलं, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. शिवण अशी घालायची की रंग चढल्यावर दिसता कामा नये. माझी दिसत नसे. त्या शिवणींवर आज हात फिरवला. एकही उसवलेली नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढचं वाचन स्टुडिओच्या फरशीवर झालं. रंग सांडू नये म्हणून खाली वर्तमानपत्रं अंथरलेली असत, आणि मी शिवता शिवता ती वाचत असे. जिथे रंग पडला असेल तिथला मजकूर मनाने भरायचा. पुस्तकांचं कपाट रंगवताना यांनी विचारलं, "पाठीवर नावं काय टाकू?" मी तोंडाला येईल ते सांगितलं: 'पाण्याखालचा दवाखाना', 'आत्याबाईंचा खून', 'संपूर्ण शिवणकाम, भाग दुसरा'. यांनी तीच टाकली. फोटोत वाचता येत नसत म्हणून मालकांना कळलं नाही.

एक पडदा मात्र कोरा करकरीत निघाला. 'कठडा'. गच्चीचा देखावा आहे: डाव्या बाजूला टेकायला कठडा, उजव्या बाजूला नक्षीचा खांब, खांबाला हात ठेवायला कोनाडा. हा पडदा कधी चाललाच नाही. कठडा इतका बुटका की गिऱ्हाइकाला वाकावं लागे, आणि कोनाडा इतका उंच की हात वर करून बसमध्ये लोंबकळल्यासारखं दिसे. म्हातारे मालक म्हणाले होते, "एक बाजू पोरासाठी, दुसरी उंटासाठी! माणसांनी कुठे उभं राहायचं?" महिन्याभरात गुंडाळून माळ्यावर टाकला. आमच्या लग्नाच्या आधीचं वर्ष होतं ते. मालक तेव्हा बाहेरगावी होते, विचारायला कोणी नव्हतं, म्हणून हे मापात चुकले असावेत.

एरवी चुकत नसत. नवीन पडदा सांगितला की आधी विचारायचे, "उभं कोण राहणार?" मालक वैतागायचे. "तू पडदा काढ, माणसं मी बघतो." पण उत्तर मिळाल्याशिवाय हे ब्रश भिजवत नसत. लहान मुलं म्हटलं की विमानाची शिडी बुटकी. नवरा-नवरी म्हटलं की जिना रुंद.

१३ जानेवारी

भाचा कागद-पेन घेऊन आला. "मामी, तुझी टार्गेट ऑडियन्स कोण?"

"आमच्या वेळी याला गिऱ्हाईक म्हणत."

"नाही गं. गिऱ्हाईक म्हणजे जो येतो तो. टार्गेट ऑडियन्स म्हणजे जो यायला पाहिजे तो."

"मग तो का येत नाही?"

"कारण तो कोण हे तुला माहीत नाही."

हे मात्र पटलं. पण मग त्याने लिहून काढलं: वय पंचवीस ते चाळीस, मोठं घर, उंच भिंती, कलेची जाण. मी म्हटलं, "असं कोणी आपल्या ओळखीत आहे?" तो म्हणाला, "ओळखीत नसतात, मामी, म्हणून तर शोधायचे."

वन्सं शेजारी बसून ऐकत होत्या. यांची थोरली बहीण, भाच्याची आई, जिभेला हाड नाही. म्हणाल्या, "अगं, नाकापेक्षा मोती जड. घर बघ, पडदे बघ. देऊन टाक त्या भंगारवाल्याला." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "तळ्याचा तेवढा देऊ नकोस हं घाईने." आणि चहाला गेल्या.

२२ जानेवारी

चित्रांच्या गॅलरीत गेलो. पांढऱ्या भिंती, एका भिंतीवर एकच चित्र, आणि खुर्ची एकही नाही. गॅलरीच्या बाई बोलायला गोड होत्या. भाच्याच्या फोनवर पडद्यांचे फोटो बघून म्हणाल्या, "हात चांगला आहे. झाडं, पाणी, प्रकाश, सगळं आहे. पण मध्यभागी काही नाही. बघा ना, प्रत्येकात मधला भाग रिकामा. चित्राला केंद्र हवं."

मला हसू आलं. मधला भाग रिकामा सोडावाच लागतो, तिथे माणूस उभा राहतो. पण मी बोलले नाही. त्या खोलीत माझा आवाज मोठा येईल असं वाटलं.

परतताना भाचा म्हणाला, "मामी, ऑडियन्सला काय हवं ते त्यांनी सांगितलं. आपण मधे काहीतरी टाकू."

मी "बघू" म्हणाले. "नको" म्हणायला हवं होतं.

४ फेब्रुवारी

भाच्याने बोलावलेले चित्रकलेचे मास्तर स्टुडिओत आले आणि तळ्याच्या बरोबर मध्ये दोन बदकं काढून गेले. गुबगुबीत, पांढरी, एकमेकांकडे बघणारी. मास्तरांचा हात वाईट नाही. भाच्याने लगेच फोटो काढून फोनवर सगळ्या जगाला दाखवला.

मी घरी आले आणि जेवले नाही. मास्तर काम करत असताना मी मागे उभी राहून "थोडं डावीकडे" असंही सांगितलं. यांच्या पाण्यावर दुसऱ्याचा ब्रश चालला होता आणि मी जागा दाखवत होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

११ फेब्रुवारी

पडद्यांना पहिलं खरं गिऱ्हाईक आलं. ट्रान्सपोर्टवाले, मोठ्या मिशांचे. पडदा उलटा करून बघितला, नखाने खरवडला, तोंडातलं पाणी उडवून बघितलं.

"पाणी आत जात नाही ना?"

"नाही."

"शिवण कुणी घातली?"

"मी."

"बाई, अशी शिवण आता मिळत नाही. आमच्या ताडपत्र्या सहा महिन्यांत फाटतात." दोन्ही हातांनी शिवण ताणून बघितली. "हे सगळे अकरा मी एकदम घेतो. ट्रकवर टाकायला. तुम्ही म्हणाल तेव्हा गाडी पाठवतो."

खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. गॅलरीच्या बाईंना शिवण दिसली नव्हती. शिवण दिसू नये म्हणूनच घातली होती ते खरं, पण तरी.

भाचा भडकला. "मामी, मामाचं काम ट्रकवर?" मी म्हटलं, मार्च संपेपर्यंत तुझी ती उंच भिंतीवाली माणसं आणून दाखव. नाही आली तर मिशीवाल्यांना शब्द दिलाय.

१९ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

दुपारी स्टुडिओत पडदे वाऱ्यावर टाकले होते. एक बाई आल्या. सत्तरीच्या, ताठ, पायात पांढरे बूट. नर्सचं काम केलेल्या, ते नंतर कळलं. त्यांच्या नातीने फोनवर बदकांचा फोटो दाखवला होता म्हणे. नमस्कार नाही, चमत्कार नाही. थेट तळ्यासमोर गेल्या.

"हे पांढरं काय आहे?"

"बदकं," मी म्हटलं.

"इथे बदकं नव्हती. इथे माझी बहीण होती."

पर्समधून फोटो काढला. दोन मुली, एकीचे हात दुसरीच्या खांद्यावर, मागे आमचं तळं. बहीण पुढच्याच वर्षी तापाने गेली. तिचा हा एकच फोटो. बाई म्हणाल्या, "रोज बघते. मला त्या तळ्याचं पान अन् पान पाठ आहे. डावीकडच्या तिसऱ्या पानावर बेडूक आहे." मी कधी पाहिला नव्हता. जाऊन पाहिलं. आहे.

मी म्हटलं, "माझी चूक झाली."

त्या म्हणाल्या, "पुसा."

एवढंच. मग स्टुलावर बसल्या. पुसेपर्यंत जाणार नाही असं बसल्या.

२० फेब्रुवारी

काल संध्याकाळपर्यंत आणि आज सकाळी, चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवून मी बदकं पुसली. यांचा रंग वर्षानुवर्षांचा, दगडासारखा बसलेला. मास्तरांचा ओला होता, सुटून आला. नर्सबाई शेजारी बसून सूचना देत होत्या. "दाबू नका. जखम धुतात तसं, आतून बाहेर." एका बदकाची मान जरा राहिली, पांढुरकी. नर्सबाई म्हणाल्या, "राहू दे. धुकं वाटतं."

मग त्यांनी विचारलं, पडदा विकणार का. म्हटलं, नऊ फुटी आहे, लावाल कुठे? त्यांनी घराची भिंत हातांनी मोजून दाखवली. तीन फूट, फार तर साडेतीन. "मला झाडं नकोत. दिव्याचा खांब नको. मधलं तेवढं हवं. ती उभी होती ते."

मी कात्री घेतली. दोन्ही शिवणी उसवल्या. मला घालायला दोन दिवस लागलेल्या, निघायला अर्धा तास लागला. पहिला टाका तोडताना हात अडला, मग चालला. मधला पट्टा गुंडाळून त्यांच्या हातात दिला. पाणी, धुकं, आणि कडेला बेडकाचं पान. त्यांनी तो मूल धरतात तसा धरला आणि गेल्या.

गॅलरीच्या बाईंना जिथे काही दिसलं नाही, तेवढंच नर्सबाईंनी नेलं.

२१ फेब्रुवारी

वन्सं आल्या. तळं उसवलं हे ऐकून खाली बसल्या. मग म्हणाल्या, "लग्नानंतरचा आमचा पहिला फोटो तळ्यावरचा होता." म्हणून त्या घाई करू नको म्हणाल्या होत्या. आता पडद्याचे फक्त कडेचे पट्टे उरलेत. मी म्हटलं, "वन्सं, आधी बोलायचं ना." "तू विचारलंस का?" म्हणाल्या.

नाही विचारलं. उंच भिंतींची माणसं शोधत गावभर फिरले, आणि वन्सं शेजारी बसून चहा पीत होत्या. काखेत कळसा अन् गावाला वळसा.

डावा पट्टा, बेडकाच्या शेजारच्या पानांचा, त्या घेऊन गेल्या. "आमचे हे कडेलाच उभे होते," म्हणाल्या. "कायम."

२६ फेब्रुवारी

पुठ्ठ्यावर माझ्या हाताने लिहून स्टुडिओच्या दाराला लावलं: 'या पडद्यांपुढे तुमचा फोटो आहे का? घेऊन या.'

भाचा म्हणाला, "मामी, यात विकायचं कुठे लिहिलंय?" म्हटलं, तुझ्या मामाची पद्धत आहे. आधी उभं कोण राहणार ते विचारायचं. त्याने पुठ्ठा सरळ केला. मग त्याचाच फोटो काढून फोनवर टाकला.

६ मार्च

येताहेत. पन्नाशीच्या आत कोणी नाही. भाचा आपला कागद काढतो, वय पंचवीस ते चाळीस खोडतो, परत खिशात ठेवतो.

एक टक्कल पडलेले बँकेतले साहेब विमानाच्या शिडीवर पाय ठेवून परत तसाच फोटो काढून घ्यायला लागले. गुडघा दुखला. विमानाचं दार घेऊन गेले. "या दारात उभा राहून मी पायलट होणार म्हणालो होतो," म्हणे. मी विचारलं, "मग?" म्हणाले, "मग काय, बँक."

१४ मार्च

आज जिन्याच्या पडद्यावरून तमाशा. एक जोडपं, चार वर्षांपूर्वी वेगळं झालेलं. दोघंही एकाच वेळी आले, एकमेकांना न सांगता. फोटोची एकेक प्रत दोघांकडे. मधला पट्टा एकच.

"मी आधी आलो."

"तू आयुष्यात कधी वेळेवर आला नाहीस, आजच कसा आलास?"

धाकटे मालक आत पळाले. मी दोघांना चहा दिला आणि शिलाई मशीनवर बसून सुट्या पट्ट्यांच्या कडा शिवत राहिले. तासाभराने बघते तर दोघं जिन्यासमोर उभं राहून, लग्नात कोण कोण आलं होतं ते आठवत होते. शेवटी पट्टा बाईंनी नेला. गृहस्थांनी गुंडाळी त्यांच्या गाडीपर्यंत उचलून नेली. पुढचं मला माहीत नाही.

पुस्तकांचं कपाट एका वकीलबाईंनी नेलं. घरी टांगल्यावर फोन करून विचारलं, "'पाण्याखालचा दवाखाना' हे पुस्तक कुठे मिळेल?"

२५ मार्च

बाग, चांदणं, सगळं गेलं. मधले पट्टे गेले, कडेचे राहिले: झाडं, दिव्यांचे खांब, कुंड्या, ढग. मिशीवाल्यांना शब्द दिला होता, म्हणून हे त्यांना. ते म्हणाले, "बाई, रंगाची बाजू वर ठेवतो." म्हणजे यांची झाडं आता रस्त्याने फिरणार. यांना आवडलं असतं. प्रवास फारसा झाला नाही आमचा.

उरला 'कठडा'. त्यापुढे कोणाचाच फोटो नाही, तेव्हा त्याला मागणारंही कोणी नाही. मिशीवाल्यांना म्हटलं, गाडी आणाल तेव्हा तोही न्या.

हा पडदा झाला तेव्हाचं आठवतं. हे मला सारखं भिंतीशी उभं करत. "जरा उभ्या राहा, उंची बघायचीय." खडूने कोपराशी खूण करायचे. मी चिडायचे, मला काय मोजपट्टी समजलात? तेव्हा हे मला अहो-जाहो करत. पडदा टांगला त्या दिवशी म्हणाले, "एक फोटो काढू या, यापुढे." मी म्हटलं, मला नको फोटोबिटो, बागेचे तीन पट्टे जोडायचे पडलेत. दुसऱ्या दिवशी परत म्हणाले. मग लग्न ठरलं, मग संसार. पुढे कधीतरी पुन्हा काढू म्हणत ते राहूनच गेलं. स्टुडिओत जन्म गेला आणि आमचा दोघांचा फोटो नाही, यावर वन्सं अजून हसतात. लोक आम्हाला जोडीने बघूनही हसत. मी चार फूट आठ इंच, हे सहा फुटांच्या वर. यांना माझ्याशी बोलताना मान मोडून बघावं लागे.

२८ मार्च

मिशीवाल्यांची गाडी आली. कडेचे पट्टे चढवले. धाकटे मालक दिव्यांच्या वायरी काढत होते. म्हणाले, "काकू, एक फोटो काढू तुमचा. या स्टुडिओतला शेवटचा. पडदा आहे अजून एक."

वन्सं म्हणाल्या, "तो उंटाचा? राहू दे."

मी म्हटलं, टांगा.

जाऊन उभी राहिले. हात कुठे ठेवावा कळेना, म्हणून कठड्यावर टेकला. कोपर बरोबर कठड्यावर आलं. वाकावं लागलं नाही, हात उचलावा लागला नाही. खुर्चीच्या हातावर ठेवावं तसं आलं. मी हात काढून परत ठेवला. परत तिथेच.

मग उजवीकडे खांबाकडे पाहिलं, कोनाड्याकडे. तिथे बघायला मान वर करावी लागली. ती उंची मला माहीत आहे. पन्नास वर्षं तेवढीच मान वर करून बोलले.

धाकटे मालक कॅमेऱ्यातून म्हणाले, "काकू, मध्ये या ना. एका बाजूला गेलात."

"इथेच ठीक आहे."

"खांबाकडची बाजू कापू का मग?"

"नाही," मी म्हटलं. "ती यायला पाहिजे."

मिशीवाल्यांना सांगितलं, हा विकायचा नाही. ते म्हणाले, "मग तुमच्या घरच्या जिन्याचं काय?" भाचा कात्री घेऊन आला. "मामी, दोन शिवणी उसव, तीन गुंडाळ्या होतील, वर परत जोड." मी कात्री त्याच्या हातातून घेऊन माझ्या पिशवीत टाकली. शेवटी मिशीवाल्यांनी ट्रकचे दोर काढले, आमच्या खिडकीचे दोन गज उचकटले, आणि अख्खी वळकटी बाहेरून वर ओढून घेतली. खाली अर्धी गल्ली जमा. वन्सं खिडकीतून सूचना देत होत्या आणि कोणी ऐकत नव्हतं.

३ एप्रिल

फोटो आला. कपाट सरकवून पडदा भिंतीवर टांगलाय, त्याशेजारीच फोटो लावला.

मागे ९ जानेवारीला हे मापात चुकले असं लिहिलंय. ते वाक्य खोडलं.

वन्संनी चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला. म्हणाल्या, "चांगला आलाय. पण अर्धा रिकामा गेला गं."

मी चहा टाकला.